पताका कोणी बांधल्या

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय इक्बालभाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आखातातल्या आपल्या या मराठी क्लबच्या कमिटीचे सभासद, माहूज, झिंज आणि थेट मुहर्रकहून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या मारिटबाई,

मी समाधान. क्लबच्या तलावाचं पाणी, पंप आणि दोऱ्या सांभाळतो. मला दोन मिनिटं दिली आहेत. ती मी पाळणार नाही, हे आधीच सांगतो.

मघापासून बाईंचं कौतुक चाललं आहे. हॉलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनशे मीटर बॅकस्ट्रोकला दोनदा रौप्यपदक. युरोपच्या स्पर्धेत नववा नंबर, आणि फायनलला घेतात आठच जणी. खांद्याची दोन ऑपरेशनं, सव्विसाव्या वर्षी पोहणं बंद, मग कोच. सगळं खरं आहे. पण सहा वर्षं आपली मुलं घडवणाऱ्या या बाई अचानक का चालल्या, हे एकाही वक्त्याने सांगितलं नाही. कसं सांगतील? गेल्या महिन्यात आपणच त्यांना नारळ दिला आणि आज शाल घालून फोटो काढतो आहोत! लाज वाटते मला या हारतुऱ्यांची.

बसा, प्रशांतसाहेब. आपण सेक्रेटरी आहात, आपलंही नाव येणार आहे.

उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. म्हणून भिंतीच्या पाच मीटर आधी, वर, पताकांची दोरी बांधतात. पताका दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं. मान वळवून बघायचं नाही. बाई पोरांना ओरडून सांगायच्या, "डोन्ट लुक, काउंट! यल्ला!" म्हणजे भरवसा कोणावर? दोरी बांधणाऱ्यावर.

एकदा पंपरूममध्ये चहा पिताना बाईंनी मला डावा हात दाखवला. दोन बोटं वाकडी आहेत. विशीत असताना एका गावच्या स्पर्धेत पताका चुकीच्या जागी होत्या, हात भिंतीवर आपटला. त्याच संध्याकाळी आयोजकांनी सगळ्यांसमोर लिहून दिलं, चूक आमची. ते पत्र बाईंनी पदकांच्या शेजारी लावलं आहे.

आता आपलं ऐका. वार्षिक संमेलन तलावाकाठी झालं. इक्बालभाई म्हणाले, "समाधान, त्या पताका काढ रे, बॅनर दिसत नाय फोटोत." काढल्या. दुसऱ्या दिवशी पाच मीटरच्या हुकात रोषणाईच्या वायरी तशाच अडकलेल्या. मी दोरी भिंतीपासून तीनच मीटरवर असलेल्या खांबाला बांधून टाकली. म्हटलं, संध्याकाळी नीट करू. बाई सुट्टीवरून विमानतळावरून थेट क्लासला आल्या. विचारलं, "समाधान, फ्लॅग्ज ओके?"

मी म्हणालो, "ओके, मॅडम."

बाई दुसऱ्या टोकाला छोट्यांना शिकवत होत्या. इक्बालभाईंची पुतणी नाझिश शिकवल्याप्रमाणे हात मोजत आली आणि डोकं भिंतीवर आदळलं. चार टाके पडले. पोरगी आता ठीक आहे, पण मी त्या दिवसापासून नाही.

मग कमिटीचा रिपोर्ट आला. "पताका योग्य जागी होत्या. कोचचं दुर्लक्ष." कागद पुढे करताना प्रशांतसाहेबांनी गोड आवाजात विचारलं, "तुझा व्हिसा याच महिन्यात रिन्यू व्हायचाय ना?" मी सही केली. व्हिसा झाला. तो रिपोर्ट घेऊन बाईंना आता कुठला क्लब दारात उभं करील? एका फोटोसाठी आपण एका माणसाची उभी कारकीर्द बुडवली, आणि तो बुडवणारा पहिला हात माझा होता.

घडलं तसं मी काल लिहून काढलं आहे. हा तो कागद. खाली माझी सही आहे. तिच्याखाली दोन जागा मोकळ्या आहेत. इक्बालभाई, शाल नंतर घाला. आधी सही करा. पेन मी आणलं आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या साध्या माणसाला माफ करा. बोलण्यापुरतीच माफी मागतो. पताकांची माफी आपल्याकडे मागून उपयोग नाही, आणि जिच्याकडे मागायची तिला मराठी येत नाही. मघापासून बाई आपल्या प्रत्येक भाषणाला हसून मान डोलावत आहेत. म्हणून शेवटचं त्यांना कळेल असं बोलतो.

मॅडम, फ्लॅग्ज नॉट ओके. आय टाइड देम.