बुंदी पायाशी चालू लागली

मंडळी, एक सांगा मला. गोड शब्द केव्हा द्यावा? काम चालू असताना, की सगळं उरकल्यावर? अहो, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. कीर्तनाच्या पूर्वरंगाला सतरंज्या रिकाम्या, आणि आरतीची घंटा वाजली की चपला ठेवायला जागा नाही. का? प्रसाद शेवटी असतो ना!

तर ऐका. मिरजेत गोविंदराव उकिडवे म्हणून एक गृहस्थ. देवळाचे जुने विश्वस्त. आरतीआधी नातवानं पेढ्याला हात लावला, तर देवासमोर चापट! त्यांच्या पत्नी उषाताई, आणि उषाताईंची कुत्री बुंदी. केवढी? गोविंदरावांच्या पोटरीला पुरणार नाही. पण अंगात वारं!

उषाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. त्या म्हणाल्या, "बुंदी बरोबर असेल तरच चालेन." आणि बुंदी तर सारखी पायांत पायांत! मुलाचा फोन आला, "आई पडली म्हणजे? मी रविवारी येतो आणि बुंदीला मित्राच्या मळ्यावर सोडतो." त्या दिवशी उषाताई जेवल्या नाहीत.

गोविंदरावांना ते सोसेना. तोंडानं सांगतील तर शपथ! एवढंच म्हणाले, "मी शिकवतो तिला. मारणार नाही. शेजारून चालली तर पनीर देईन."

बेत चांगला. पण विश्वस्त पडले हो! पनीरचा डबा ठेवला फाटकावर. कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, मग प्रसाद. झालं! वळतात न वळतात तोच बुंदीची फाटकाकडे धूम. पट्टा ताणलेला, मागे गोविंदराव फरफटत — कोण कुणाला फिरवतंय, सांगा!

"नतद्रष्ट आहे," ते म्हणाले.

उषाताई ओट्यावर पाय लांब करून बघत होत्या. "नतद्रष्ट नाही, हुशार आहे. तुम्ही खाऊ फाटकाशी देता, ती फाटकाकडे पळते. पायाशी द्या, पायाशी राहील. आणि जरा वाका. हात कमरेशी धरलात तर ती उड्याच मारणार."

वाकले! देवापुढे नुसती मान हलवणारा माणूस, कुत्रीपुढे कमरेतून वाकला. डाव्या पायाशी हात. एक पाऊल टाकलं, बुंदी शेजारी आली — "शाब्बास", आणि हरभऱ्याएवढा तुकडा. तिथल्या तिथे! पुन्हा पाऊल, पुन्हा तुकडा. पुढे धावली तर ओरडायचं नाही, नुसतं थांबायचं. गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. पण शनिवारपर्यंत तुकडे कमी केले तरी बुंदी पायाला चिकटून, मान वर, डोळे त्यांच्या तोंडाकडे.

रविवारी मुलगा आला. उषाताई काठी घेऊन निघाल्या, डावीकडे बुंदी. समोरून दूधवाल्याची फटफटी गेली. बुंदीनं कान टवकारले... आणि जागची हलली नाही. "शाब्बास गं," उषाताई म्हणाल्या आणि तुकडा पायाशी टाकला.

मुलगा म्हणाला, "असू दे बाबा. इथेच असू दे तिला."

गोविंदरावांना वाटलं, जिंकलो. तर बाई भर रस्त्यात थांबल्या. "अहो, कुत्रीला पावलापावलाला शाब्बास. माझ्या स्वयंपाकाला कधी म्हणालात?"

"म्हणणार होतो की. तुझ्या पंचाहत्तरीला. भाषण करायचं मनात आहे."

"आणि मी त्याआधीच गेले तर?"

गोविंदरावांचे डोळे भरून आले. मग तिथेच, मुलासमोर म्हणाले, "काल स्टुलावर बसून केलेली आमटी... फार छान होती."

"एक दिवस उशीर झाला," उषाताई म्हणाल्या. "पण चालेल."

हसताय? आपण दुसरं काय करतो हो? माणूस घरात आहे तोवर मिठाची गुळणी, आणि शोकसभेत तासभर कौतुक! ज्यानं ऐकायचं, तो फोटोत. वर हार!

तेव्हा पुजारीबुवा, प्रसादाचं ताट आत्ताच फिरवा. हो, आत्ताच! आरती काही पळून जात नाही. आणि मंडळी, घरचं जे माणूस आज तुमच्या शेजारी बसलंय, त्याला एक बरा शब्द द्या. मी थांबतो. पेटीवालेही थांबतील.

माझ्याकडे काय बघताय? शेजारी बघा.