अकरा महिन्यांचं कुलूप

या, असे जवळ सरकून बसा; एका घराची गोष्ट सांगतो. कोर्टाच्या व्हरांड्यात अर्ज टाइप करणाऱ्या बाईंच्या कानावर ती पडली. शेजारच्या बाकावर, वारलेल्या सासऱ्यांच्या भाड्याच्या घरासाठी लढणारी एक विधवा सून आणि तिचे म्हातारे वकील बसले होते.

“वकीलकाका, कायदा म्हणतो तरी काय?”

“भाडेकरू वारला, तर शेवटपर्यंत त्याच्यासोबत घरात राहणाऱ्या नातेवाइकाला घर सोडावं लागत नाही.”

“आणि मालक म्हणतात, घराला अकरा महिने कुलूप होतं.”

“होतंच की गं.”

“मामंजी दवाखान्यात होते! मी त्यांच्या खाटेखाली चटई टाकून निजायचे. त्यांना एकटं टाकून घरी बसले असते, तर घर मिळालं असतं होय?”

“हेच मी जजसाहेबांना म्हटलं. नुसतं अक्षर धरलं, तर सेवा करणारीच रस्त्यावर येते. आणि कायदा तर तसं होऊ नये म्हणूनच केलाय.”

“मग?”

“त्यांनी विचारलं, ही मधे कधी घरी जायची का? जेवणाच्या सुट्टीनंतर सांगायचंय.”

“दर रविवारी जायचे. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला. परत आले की मामंजी विचारायचे, ‘आपलं घर चालू आहे ना गं?’”

“अगं, हे आधी नाही का सांगायचं?”

“त्यात काय सांगायचं, काका?”

शिपायाने पुकारा केला. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं कधीचीच थांबली होती.

“चल. आत एवढंच सांग. मी मधे बोलणार नाही.”

निकालानंतरच्या रविवारीही त्या घड्याळाला चावी तिनेच दिली. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीचीही आठवण काढा.