वाचली असती का?

—अगं बस की, उभी का? खोली बघितलीस न्हवं, आता घोटभर च्या घे. खिडकी पश्चिमेची हाय, दुपारचं ऊन येतंय तेवढं सोसायचं. पाण्याचं बरं हाय. आन् कशाला ॲडमिशन घेतलंस म्हणलीस? — सार्वजनिक आरोग्य? — व्हय व्हय, ठावं हाय मला. डॉक्टर न्हाई, नर्स न्हाई, तरी आजाराचंच शिकायचं. ह्याच खोलीत होती की तुझ्याच कोर्सची एक. शिवांजली. आटपाडीकडची, धनगराची पोर. बाप ज्योतिबा अजून मेंढरं घिऊन रानोमाळ फिरतोय, आन् लेक विद्यापीठात! आली तवा काय हसायची. बापानं दिलेलं घोंगडं अंथरायची, गादी नगं म्हणायची — ती? ती फोटोतली व्हय, ती माझी लेक, सोनम. इस्लामपूरला दिलीया. बरं चाललंय तिचं. तू च्या घे.

तर पहिलं वरीस पोरीचं मजेत गेलं. मंगलकाकी, टाकी कवा धुतली, पाणी झाकता का — मलाच शिकवायची. शेवटी ओढणी कमरेला बांधून तिनंच टाकीत उतरून घासली. दुसऱ्या वर्षाला मातूर त्यांना गावोगाव धाडलं. काम काय, तर ज्या घरात माणूस मेलंय त्या घरात जायचं आन् कसं मेलं ते विचारायचं. हसू नगंस, तुलाबी लावतील की! आपल्याकडं किती माणसं घरातच जात्यात, कशानं गेली कुणाला कळत न्हाई — मग घरच्यांनाच विचारायचं, ताप होता का, दम लागत होता का, शेवटी बोलत होता का. त्यावरनं वरचे डॉक्टर ठरवणार, कशानं गेलं ते. फुडच्या माणसाचं मरण टळावं म्हणून. चांगलंच काम की. मी कुठं वाईट म्हणते?

उंब्रजला एक धोंडुबाई म्हणून म्हातारी. तिचा ल्योक सूरज उसाला पाणी पाजताना छातीत दुखतंय म्हणून बांधावर बसला. पित्त झालंय म्हणून सोडा पिला, आन् तिथंच आडवा झाला. म्हातारीनं सगळं सांगितलं, शिवांजलीला जेवायला घातलं, आन् निघताना तिचा हात धरून म्हणली, पोरी, तू शिकलीस, सांग — वाचला असता का गं? — आता ह्या पोरींना तर शिकवलेलं, उत्तर द्यायचं न्हाई. आमचं काम विचारायचं, सांगायचं न्हाई. मग ही म्हणली, आजी, मला सांगता येत न्हाई. — तिथनं फुडं जाईल त्या घरात तेच. तासगावला बेदाण्याच्या शेडवरची एक बाई तर एसटीपतोर मागं आली, नवऱ्याचं विचारत. वाचला असता का, वाचला असता का.

पोरीचं खाणं तुटलं. भाकरी मोडून तशीच बसायची. नळाला पाणी आलं, गल्लीत भांडं वाजलं, की मान वर करायची, काय म्हणलासा काकी? — मी काय म्हणलेलीच नसायची! मी जिन्यात उभी राहून ऐकायची, तर खोलीत एकटीच बोलतीया, सांगता येत न्हाई, मला सांगता येत न्हाई. तिचे सर म्हणले, हळूहळू सवय हुईल. मला येऊन म्हणली, काकी, आन् सवय झाली तर वो?

मग एका रविवारी दुपारी लसूण सोलत बसलो होतो दोघी. तिची नजर गेली भिंतीवरच्या फोटोवर. काकी, सोनमताईचा फोन कसा कधी येत न्हाई? — बास, एवढंच. आन् मी… काय सांगू तुला. गल्लीला ठावं हाय, पर गल्ली विचारत न्हाई. खोलीवाल्या पोरींना मी इस्लामपूरचं सांगते. तुलाबी तेच सांगितलं मघाशी. — व्हय. न्हाई ती.

आठवा महिना होता. ओटी भरून माहेरी आणायची ठरलीती, साडी घेऊन ठिवलीती मी. पाय सुजलेलं, तर सगळ्याच बायांचं सुजत्यात म्हणले. डोकं ठणकायचं, डोळ्याफुडं काजवं चमकायचं, हे मला जावयानं मागनं सांगितलं. मग झटकं आलं. एका दवाखान्यातनं दुसऱ्या, तिथनं तिसऱ्या… शिवांजली लसूण टाकून ऐकत होती, आन् मधीमधी हळूच विचारत होती, बीपी मोजलं होतं का काकी? लघवीला कमी होत होतं का? सगळं विचारलं तिनं. माझी सोनम कशी गेली हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं गं. मग मी तिचं मनगट धरलं. म्हणलं, मला सांगता येत न्हाई म्हणू नगंस. वाचली असती का?

 मग म्हणली, व्हय काकी. वाचली असती. बीपी मोजायला पायजे होतं, त्याला गोळी हाय, इंजेक्शन हाय, सरकारीत फुकट मिळतंय. — आन् माझ्यापरास तीच जास्त रडली.

दुसऱ्या दिवशी एसटी धरून गावाकडं गेली. महिनाभरानं माघारी आली ती सामान न्यायला, हॉस्टेलवर राहिली. पास झाली, आता जतकडं नोकरीला हाय. कुणी विचारलं तर खरं ते सांगती म्हणं. वरचे रागं भरत्यात. कुणी शिव्या देतंय, कुणी पाया पडतंय. माझ्याकडं मातूर येत न्हाई. मी काय म्हणीन असं वाटतंय तिला? मीच मागितलं होतं की गं.

पर आधी मी देवानं नेली म्हणायची, बसायची गप. सोनम मेली ती एकदाच मेली होती. त्या दुपारपासनं रोज वाचतीया. भाकरी थापताना कुणीतरी तिचं बीपी मोजतंय, कुणीतरी गोळी देतंय, आन् ती उठून बसती, मला हाक मारती. मी हात पुसून दार उघडते — तर तुझ्यासारखी कुणीतरी खोली बघायला आलेली.

काय म्हणलीस? — बाळ?

बाळाचं शिवांजलीनंबी विचारलं न्हवतं.

हाय. पोटातनं काढलं, जगलं. पोरगी हाय. नव्या आईला आई म्हणती, मी गेले तर तिच्या पदरामागं लपती. — झालं तुझं? शिकायच्या आधीच विचारायला लागलीस! ठेव तो कप. खोली द्यायची न्हाई मला, दुसरीकडं बघ. — नगं, काय बोलू नगंस. जा म्हणते न्हवं.