तारेची पायरी

(सर्बियातलं डोंगराळ गाव. फेब्रुवारीतली सकाळ, बाहेर बर्फ. ट्रक चालवणारा वितोमिर प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून बसलाय. बायको देसांका चुलीपाशी. बरोबरीचा ड्रायव्हर ल्युबिशा आजाऱ्याला भेटायला म्हणून कॉफीचे पुडे घेऊन आलाय.)

देसांका : ते पुडे राहू देत. तू आधी सांग ल्युबिशा, डेपोत काय बोलतात? नवऱ्याला बर्फात छपरावर चढवणारी कैदाशीण मीच ना?

ल्युबिशा : छे हो वहिनी! तुमचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

देसांका : गावात काढतात. काल बेकरीतली म्हणाली, "बाई गं, छपरावरचा बर्फ मार्चपर्यंत थांबला नसता का?" आणि खिडकीतून जरा छपराकडे बघ आमच्या. हातभर बर्फ आहे. नवरा पडला, बर्फ काही पडला नाही.

वितोमिर : झालं तुझं? त्याला राकिया दे गरम करून, घरची दारू आहे, थंडी पळेल.

देसांका : देते. साखर घालू, की थापाच पुरेशा गोड आहेत?

ल्युबिशा : म्हणजे बघा, मी मालकांचा निरोप घेऊन आलोय. उद्या तपासणीच्या डॉक्टरांपुढे वितोनं तेच सांगायचं. घरच्या छपरावरून पडलो. कामावर पडला म्हटलं की सरकारी माणसं येणार, डेपोला टाळं लागणार.

वितोमिर : सांगीन. कूम आहे मालक माझा. लग्नात माझ्या शेजारी साक्षीला उभा राहिला, पोरीचं नाव त्यानं ठेवलं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी नाही.

देसांका : आणि बायकोशी?

वितोमिर : बायकोशी भांडून कोण जिंकलंय?

देसांका : वा! चढला त्याच्या ट्रेलरवर, ताडपत्रीवरचा बर्फ फोडायला. पडला त्याच्या शिडीवरून. आणि बदनाम कोण, तर मी.

ल्युबिशा : हळू वहिनी, शेजारी ऐकतील.

देसांका : ऐकू देत. तुला तर ठाऊकच आहे म्हणा हे दुखणं. गेल्या हिवाळ्यात तुझ्या बरगड्या मोडल्या त्या छपरावरूनच ना?

ल्युबिशा : हो. म्हणजे, हो. घरी. बर्फ काढताना.

देसांका : मी अक्रोडाचा केक पाठवला होता.

ल्युबिशा : फार छान झाला होता.

देसांका : झाला असेल. पण मला आजच सुचतंय बघ. तू राहतोस चाचाकला, आठ मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मग चढला होतास कुणाच्या छपरावर?

ल्युबिशा : राकिया फार कढत आहे हो.

वितोमिर : अगं, हसवू नकोस, पाय दुखतो माझा! लेका, आठव्या मजल्यावरून पडून नुसत्या बरगड्या? आईनं काय खाऊ घातलं होतं तुला?

ल्युबिशा : हसा. हसून घ्या.

वितोमिर : बोल की. आता आपण एकाच छपराचे.

ल्युबिशा : एकाच शिडीचे म्हण.

वितोमिर : कुठल्या?

ल्युबिशा : डेपोतल्या. वरून तिसरी पायरी. पायाखालून निखळली. त्याच आठवड्यात मालकांनी एकाला कामावरून काढलं होतं. मी घाबरलो. मालकांनाही सांगितलं, घरी पडलो म्हणून.

वितोमिर : तिसरी पायरी? तिला तर तार गुंडाळली होती. चांगली घट्ट. चढताना बघितली मी. मनात म्हटलं, चला, कुणीतरी दुरुस्त केलीय.

देसांका : ल्युबिशा?

ल्युबिशा : कामावर परत आलो त्या दिवशी मीच बांधली. नवी शिडी मागायची तर का हवी ते सांगावं लागलं असतं. वाटलं, पुढच्या माणसासाठी तेवढं तरी करावं.

वितोमिर : पुढचा माणूस मी होतो.

ल्युबिशा : हो.

देसांका : तरीच. आजाऱ्याला कॉफीचा एक पुडा नेतात. तू दोन आणलेस.

ल्युबिशा : झोप लागत नाही वहिनी मला. डोळा मिटला की ती तार दिसते.

वितोमिर : शिडी आहे कुठं आता?

ल्युबिशा : तिथंच. भिंतीला टेकून.

वितोमिर : आणि पायरी?

ल्युबिशा : परवा पुन्हा बांधली मी. या वेळी दुहेरी तार लावली.

वितोमिर : ल्युबिशा! आज ट्रेलर कोण नेतंय?

ल्युबिशा : द्रागिशा. दुपारी निघेल.

देसांका : रात्रभर बर्फ पडतोय. म्हणजे तो चढणारच.

वितोमिर : माझ्या दीडपट आहे तो.

देसांका : उद्या त्याचीही बायको कैदाशीण ठरणार.

वितोमिर : फोन दे गं तो.

ल्युबिशा : द्रागिशाला करतोयस ना? जपून चढ म्हण, बस झालं.

वितोमिर : ती तिसरी तार झाली रे.

देसांका : मग कुणाला करतोस? कूमला? भांडणार त्याच्याशी?

वितोमिर : भांडत नाही, सांगतोय. हॅलो, कूम? वितोमिर बोलतोय. बरा आहे, बरा आहे. ऐक, ती शिडी आधी करवतीनं कापून टाक. आत्ताच्या आत्ता, द्रागिशा चढायच्या आधी. आणि उद्या मी डॉक्टरांना खरं सांगणार, तुझ्या शिडीवरून पडलो म्हणून. ओरड, ओरडून घे. अरे, पोरीचं नाव ठेवलंस म्हणून तर तुला आधी सांगतोय, तिऱ्हाइताला नाही. काय?

देसांका : काय म्हणतोय?

वितोमिर : म्हणतोय, शिडीत खोट नाही, मीच धांदरट. माझ्याखेरीज आजवर तिच्यावरून कोण पडलंय, एक नाव सांग म्हणतोय.

देसांका : मग सांग की.

वितोमिर : मी कसं सांगू? ते नाव माझं नाही.

देसांका : ल्युबिशा, राकिया पी. आता निवली.

ल्युबिशा : दे इकडे फोन.