पवाड्यात न घेतलेली पोटदुखी

चूक माझी हाय, ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जीभ अडायची न्हाय. मी उचगावचा, आजा शाहीर, त्यामुळं बंदुकीच्या आधी हातात डफ आला, आणि पलटणीतही मला सगळे शाहीरच म्हणायचे. सुभाना चंदगडचा, माझा जोडीदार, एका ताटात जेवायचो आम्ही. वर डोंगरावरच्या चौकीला पाणी खालनं कॅनमधनं आणायला लागायचं, त्या दिवशी पाळी माझी होती, पण गारठ्यात उठायचा कंटाळा, म्हटलं पोट दुखतंय. सुभाना हसला, म्हटला, शाहिराचं पोट म्हणजे गाभण म्हशीचं पोट, कायम दुखतंय, पड मर्दा, मी आणतो की. येताना तोफेचा गोळा पडला. मी पळत खाली गेलतो, कॅन घरंगळत चाललेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर म्हणतो, पोट दुखायचं ऱ्हायलं का रं? तेवढंच बोलला.

पुढं त्याच्या गावानं स्मारक बांधलं, म्हटले, शाहीर, पवाडा तुम्हीच करा. केला. त्यात सुभाना छातीवर गोळी घेतो, हसत हसत जातो, लोक शिट्ट्या मारतात. पवाड्यात जवान पाणी आणत न्हाय, पवाड्यात कुणी बहाणा करत न्हाय. दरवर्षी गातो, आणि डफावर थाप पडली की मला तो कॅन घरंगळताना ऐकू येतो. बायको म्हणती, झोपेत पाणी पाणी करता. थकलो बघा, पावणं.

काय सांगू तुम्हाला, पुढं खुर्चीत सुभानाची आई बसायची, पवाडा झाला की माझ्या हातावर ओवा-मीठ ठेवायची. म्हणायची, सुभाना सुट्टीवर आला की सांगायचा, माझा जोडीदार पोटानं लई नाजूक हाय. खा लेकरा, केवढं ओरडलास. आणि मी खायचो. इतकी वर्षं खाल्ला तो ओवा.

औंदा हसत जाण्याच्या ओळीपाशी आलो आणि आवाजच फुटंना. लोकांना वाटलं, घसा बसला. डफ ठेवला, खाली उतरलो, ती ओवा घेऊन उभी. मी हात पुढं केला न्हाय. म्हटलं, मावशी, पाळी माझी होती. माझं पोट दुखत नव्हतं गं, त्या दिवशी न्हाय, कधीच न्हाय. त्याच्याशी खोटं बोललो, मग तुझ्याशी गाऊन खोटं बोललो. मला माफ कर.