पाच लाखांचा देश आणि आमचा चौक

परवा आमच्या लालबागच्या चाळीच्या मीटिंगला जाम मजा आली. आम्हाला चौकात संध्याकाळी तासभर फुटबॉल खेळायचा होता, आणि म्हाताऱ्यांना तिथंच स्कूटर लावायच्या होत्या.

सेक्रेटरी सावंतकाका म्हणाले, "कॉलेज सोडून हेच करायचं होतं का?"

मी भडकलो. म्हटलं, "काका, केप वर्दे नावाचा बेटांचा देश आहे. पोटासाठी बाहेर गेलेल्यांची पोरं त्यांनी परदेशातून शोधून आणली, टीम बांधली, आणि पहिल्यांदाच वर्ल्ड कप गाठला."

"लोकसंख्या?"

"पाच लाख."

"हॅ! गणपतीत आपल्या गल्लीतून एका दिवसात तेवढी माणसं जातात."

"जातात ना. त्यातला एक तरी वर्ल्ड कपला गेला?"

काका उखडले. "मतदान घ्या. भाडेपावती ज्याच्या नावावर, त्यालाच मत."

म्हणजे आम्ही पोरं बाद. पण गिरणीत राबलेले नवरे कधीच गेले आणि निम्म्याहून जास्त पावत्या आता बायकांच्या नावावर आहेत, हे काका विसरले.

सुलभाकाकूंनी पहिला हात वर केला. "माझो झील, एकच पोरगो, दुबईक आसा. त्याका कोण बोलवता? ह्यांका तरी खेळाक देवा."

मागोमाग सगळ्या काकूंचे हात वर.

संध्याकाळी काकांची स्कूटर हलवायला गेलो, तर चौघांना उचलावी लागली. दोन्ही टायरांत कित्येक वर्षं हवाच नव्हती.