सुईच्या भोकांचा हात

(खुर्च्यांच्या कारखान्याची मागची खोली. भिंतीशी बिनहाताच्या खुर्च्यांची रांग. कोपऱ्यात कापलेले हात भरलेली पोती. बाबा, मुलगी आणि मिस्त्री उभे.)

मुलगी : बाबा, आधी पूर्ण ऐकून घ्या, मग चिडा.

बाबा : ऐकतोय. हाताची खुर्ची म्हणजे चैन, म्हणून कर दुप्पट. म्हणून तू झाडून सगळ्या खुर्च्यांचे हात उतरवलेस. इथपर्यंत कळलं.

मुलगी : करसल्लागारच म्हणाले, बिनहाताची साध्या सामानात मोडते. आज सकाळी त्यांचाच फोन, नियम बदलला. हाताची खुर्ची आता म्हाताऱ्यांच्या सोयीची. तिला कर माफ.

बाबा : आणि बिनहाताची?

मुलगी : ती चैनीत.

मिस्त्री : पुढच्या महिन्यात पाठीचं बघणार आहेत म्हणे. पाठी सैलच ठेवा म्हणाले.

मुलगी : मिस्त्रीकाका, तुम्ही जरा थांबा.

मिस्त्री : मी नाही हो ताई, सल्लागार म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

बाबा : गेल्या वर्षी गाद्या उसवल्या, त्याआधी चाकं काढली. आता हे. परत बसतील का हात?

मिस्त्री : स्क्रू काढले असते तर बसले असते, मालक. घाई होती, म्हणून करवत लावली.

बाबा : बरं. ऑफिसातली खुर्ची कुठाय?

मुलगी : कुठली?

बाबा : तुझ्या आईची. ती गेल्यापासून रोज सकाळी तिथंच बसतो मी. आज खिडकीपाशी नुसती जागा आहे.

मुलगी : काका?

मिस्त्री : ताई, तुम्हीच म्हणालात, तपासणीस कधीही टपकतील, आवारात हाताची एकही खुर्ची दिसता कामा नये.

मुलगी : अहो, ती विकायची होती का?

मिस्त्री : मी विचारलं ना, "ऑफिसातलीपण?" तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत.

मुलगी : ती सल्लागारांना हलवली होती, काका.

बाबा : आणा ती.

मिस्त्री : ही घ्या. काप अगदी सफाईचा आहे, मालक. वर पॉलिशचा हातपण मारलाय.

बाबा : शेवटी शेवटी तिला सहज उठता यायचं नाही. उजव्या हातावर जोर द्यायची, दोनदा मागं बसायची, मग उठायची. मी पुढं झालो की म्हणायची, तुम्ही सोडाल, हा नाही सोडणार.

मुलगी : बाबा, माझंच चुकलं.

बाबा : ते नंतर बघू. हिचे हात कुठं टाकलेत?

मिस्त्री : त्या पोत्यांतच. पण सगळे एका साच्यातले. ओळखणार कसे?

बाबा : गाद्या शिवताना ती सुई खुर्चीच्या उजव्या हातात खुपसून ठेवायची. खालच्या बाजूनं, कुणाला टोचू नये म्हणून. भोकं डोळ्यांना दिसायची नाहीत. बोटं फिरवून बघा.

मुलगी : हा नाही. हापण गुळगुळीत. काका, पोतं ओता खाली.

मिस्त्री : दुसरंपण ओततो. सरका.

मुलगी : हा तर चिरलाय. हा नाही. हा... बाबा, इकडे या.

बाबा : दे. हं.

मुलगी : हाच ना?

बाबा : हाच.

मिस्त्री : आतून खुंटी घालतो, सरस लावतो. पक्का बसेल. जोड मात्र दिसणार, मालक.

बाबा : दिसू दे.

मुलगी : डावा कसा ओळखू?

बाबा : डावा कुठलाही चालेल. त्याच्यावर ती कधी टेकलीच नाही.

मुलगी : आणि पुढच्या महिन्यात पाठीचं काही निघालं तर?

बाबा : बाकीच्यांचं तुला योग्य वाटेल ते कर. हिच्याबद्दल कुणी विचारलं, तर सांग, ही रिकामी नाही.